‘कास्ट’ शब्दाची कुळकथा

‘जात’ हा शब्द मराठीत साधा आणि जुना आहे, तरी उच्चारताना आपण अडखळतो. भाड्याचं घर बघायला आलेल्या माणसाला घरमालक ‘जात कोणती’ असं सहसा विचारत नाही, ‘कास्ट?’ एवढंच विचारतो. स्थळं बघताना ‘इंटरकास्ट चालेल’ म्हणतात. ‘कास्ट सर्टिफिकेट’ आणि ‘कास्ट व्हॅलिडिटी’ हे शब्द तर तालुक्याच्या सेतू केंद्रावर रोज कानावर पडतात. इंग्रजी शब्द वापरला की प्रश्नाची धार कमी होते, असं बहुधा वाटतं.

पण हा शब्द मुळात इंग्रजी नाही. इंग्रजांनी तो पोर्तुगिजांकडून उचलला. पोर्तुगीज आणि स्पॅनिश लोक तो भारताचा किनारा दिसण्याच्या आधीपासून स्वतःच्या देशात वापरत होते. त्याच्याही मागे लॅटिन आहे की आणखी काही, यावर भाषातज्ज्ञांचं एकमत नाही. आपल्या समाजाची सगळ्यात दुखरी गोष्ट जग ज्या शब्दाने ओळखतं, त्या शब्दाच्या पोटात काय काय भरलंय हे आपल्याला नीट कळायला हवं, म्हणून हा लेख.

सुरुवात लॅटिनपासून करू. लॅटिनमध्ये ‘कास्तुस’ असं विशेषण आहे आणि त्याचं स्त्रीलिंगी रूप ‘कास्ता’. अर्थ शुद्ध, निर्दोष, शीलवान. देवाच्या कामाला लागणारा पुजारी ‘कास्तुस’ असावा लागे, विधीही ‘कास्तुस’ असावा लागे. या विशेषणाचं गोत मोठं आहे. त्यातून ‘कास्तिगारे’ हे क्रियापद आलं, म्हणजे दोष काढून ताळ्यावर आणणं, आणि पुढे शिक्षा करणं. त्याला नकार जोडला की ‘इन्केस्तुस’ होतं, म्हणजे अपवित्र. रक्ताच्या नात्यातल्या निषिद्ध संबंधासाठी इंग्रजीत जो ‘इन्सेस्ट’ शब्द आहे, तो याचाच वंशज. ‘कास्तुस’च्या तळाशी ‘कापणे’ या अर्थाचा आदिम धातू आहे, असं अनेक व्युत्पत्तिकार मानतात. जे दोषापासून कापून वेगळं काढलं, ते शुद्ध. त्याच धातूशी संस्कृतमधलं ‘शस्त्र’ जोडलं जातं.

आजच्या स्पॅनिश आणि पोर्तुगीजमध्ये हे विशेषण जिवंत आहे. पुरुष ‘कास्तो’, स्त्री ‘कास्ता’, म्हणजे संयमी, शीलवान. (पोर्तुगालमध्ये उच्चार ‘काश्ता’च्या जवळ जातो. इथे सोयीसाठी सगळीकडे ‘कास्ता’च लिहितो.) पण या दोन्ही भाषांत हुबेहूब असाच दिसणारा दुसरा शब्द आहे. तो विशेषण नसून नाम आहे, आणि त्याचा अर्थ वंश, अवलाद, वाण, प्रकार. आपल्याकडे आला तो हा दुसरा शब्द.

दोन्ही शब्द दिसायला एकच, तेव्हा एकातून दुसरा निघाला असणार, हे कुणालाही सहज सुचेल. शुद्ध राखलेला वंश तो ‘कास्ता’. सेबास्तियान दे कोव्हार्रुबियास या स्पॅनिश कोशकाराने 1611 मध्ये हेच लिहिलं आणि त्याला एक स्पष्टीकरणही जोडलं. संततीसाठी माणूस विषयासक्त नसावा, कारण उधळे लोक निपुत्रिक राहतात आणि संयमाने वागणाऱ्यांना पुष्कळ मुलं होतात, म्हणून वंशाला ‘कास्ता’ म्हणायचं! आज हे स्पष्टीकरण कुणी मानत नाही, पण ‘कास्तुस’पासून ‘कास्ता’ ही व्युत्पत्ती टिकली. कितीतरी कोशांत आणि समाजशास्त्राच्या क्रमिक पुस्तकांत ती आजही निःशंकपणे दिलेली असते.

विसाव्या शतकात जुआन कोरोमिनास या मोठ्या व्युत्पत्तिकाराने तिच्यावर प्रश्नचिन्ह लावलं. त्याचं म्हणणं असं की जुन्या वापरात ‘कास्ता’ला शुद्धतेचा वासही नाही. तो जनावरांच्या आणि माणसांच्या प्रकाराला, पैदाशीला, कुळाला लावलेला शब्द आहे. ‘कास्ता’ चांगली असते तशी वाईटही असते. ज्या शब्दाच्या मुळातच शुद्ध असा अर्थ आहे, त्याला पुन्हा ‘वाईट’ हे विशेषण लावावं लागणं चमत्कारिक आहे. शिवाय या अर्थाने हा शब्द आयबेरियन द्वीपकल्पातच, म्हणजे स्पेन-पोर्तुगालच्या भूमीतच, वाढला. फ्रेंच आणि इटालियन याही लॅटिनच्याच लेकी, पण त्यांच्याकडे तो बराच उशिरा आणि उसना आला. आयबेरियावर आठव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत व्हिसिगॉथ या जर्मॅनिक टोळीचं राज्य होतं. कोरोमिनासने त्यांच्या गॉथिक भाषेतला ‘कास्त्स’ असा मूळ शब्द कल्पिला, अर्थ जनावरांचा गट, पिल्लांची वीण. इंग्रजीतल्या फेकणे या अर्थाच्या ‘कास्ट’ क्रियापदाचा तो नातलग ठरतो. जनावर पिल्लं टाकतं असं आपणही म्हणतोच.

मला कोरोमिनासची बाजू जास्त पटते. मात्र त्याचा गॉथिक शब्द कोणत्याही जुन्या लिखाणात सापडलेला नाही, बहिणभाषांवरून रचलेला आहे, त्यामुळे निकाल लागलाय असं म्हणता येत नाही. एवढं नक्की की ‘कास्ट म्हणजे मुळात शुद्ध’ हे विधान सिद्ध झालेलं नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचं काम पडणार आहे.

‘कास्ता’ची व्याप्ती कळायची तर आपल्या ‘जात’ शब्दाकडेच बघावं. आपण द्राक्षाच्या जाती म्हणतो, आंब्याची जात म्हणतो, मनुष्यजात म्हणतो आणि अस्सल घोड्याला किंवा गवयालाही जातिवंत म्हणतो. पोर्तुगालमध्ये आज दुकानात ‘कास्ता’ वाचलात तर तो बहुतेकदा द्राक्षाचा वाण असतो. तोउरिगा नासियोनाल, आल्व्हारिन्यो, बागा, आरिंतो ही तिथल्या द्राक्षांच्या ‘कास्तां’ची नावं आहेत. स्पेनमध्ये बैलांच्या झुंजीतला बैल नेटाने भिडला तर त्याच्यात ‘कास्ता’ आहे म्हणतात. आणि आपल्या ‘जातिवंत’ला तंतोतंत जुळणारा शब्द स्पॅनिशमध्ये आहे, ‘कास्तिसो’, म्हणजे अस्सल, भेसळ नसलेला. ‘शिकारी कुत्र्याची शेपटी लांब, ती त्याच्या कास्तामुळे’ अशी तिथली म्हण आहे. आपण म्हणतो, खाण तशी माती. वाण, वंश आणि गुण यांना एकाच शब्दात गुंफणारी भाषा बोलणारे लोक इथे आले आणि त्यांनी इथल्या ‘जाती’ला ‘कास्ता’ म्हटलं, यात नवल काही नव्हतं.

पण ते येताना आणखी एक ओझं घेऊन आले होते, ते रक्ताच्या शुद्धतेचं. 1449 मध्ये स्पेनच्या तोलेदो शहरात असा फतवा निघाला की ज्यू घराण्यातून ख्रिस्ती झालेल्यांना शहरातली अधिकारपदं मिळणार नाहीत. बाप्तिस्मा झाला तरी रक्त जुनंच, असा त्यामागचा विचार. 1492 मध्ये स्पेनमधून ज्यूंना हाकललं. 1497 मध्ये पोर्तुगालने आपल्याकडच्या ज्यूंना जबरदस्तीने ख्रिस्ती केलं. त्यांच्या मुलानातवंडांनाही ‘नवे ख्रिस्ती’ म्हणत राहिले. ज्या कोव्हार्रुबियासने ‘कास्ता’ हा चांगल्या कुळाचा शब्द म्हणून नोंदवला, त्यानेच ‘रासा’ हा शब्द, म्हणजे इंग्रजीतल्या ‘रेस’चा भाऊ, माणसांच्या बाबतीत वाईट अर्थाने वापरतात असं लिहून ठेवलंय. अमक्यात ज्यूची किंवा मूरची, म्हणजे तिथल्या मुसलमानाची, ‘रासा’ आहे, म्हणजे डाग आहे.

आता गोव्यात येऊ. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य 1534 मध्ये भारतात आला. निझामशाहाच्या दरबारातही त्याची ऊठबस होती आणि मुंबई बेट काही काळ त्याच्याकडे खंडाने होतं. इथल्या औषधी वनस्पतींवर त्याने लिहिलेला संवादरूपी ग्रंथ 1563 मध्ये गोव्यात छापला गेला. त्यात एके ठिकाणी तो म्हणतो की इथे कोणी बापाचा धंदा सोडत नाही आणि जोडे शिवणाऱ्यांच्या एका ‘कास्ता’तले सगळे सारखेच असतात. भारतातल्या जातीसाठी हा शब्द वापरल्याच्या सुरुवातीच्या स्पष्ट नोंदींपैकी ही एक.

लिहिणारा माणूस कोण होता ते पाहिलं की ही नोंद वाचताना जीव तुटतो. ओर्ताचे आईवडील स्पेनमधून हाकलले गेलेले आणि पोर्तुगालमध्ये बळाने बाप्तिस्मा दिलेले ज्यू होते. पोर्तुगालमध्ये अशा लोकांना ‘जेंत द नासांव’ म्हणत, ‘नासांव’ची, म्हणजे त्या वेगळ्या राष्ट्राची किंवा वंशाची माणसं. हा ‘नासांव’ लॅटिन ‘नातिओ’पासून आला, ‘नातिओ’ जन्म या अर्थाच्या धातूपासून आला, आणि आपला ‘जाति’ शब्द संस्कृतमधल्या ‘जन्’पासून, म्हणजे त्याच आदिम धातूपासून आला. ‘जाति’ची लॅटिनमधली खरी सख्खी बहीण ‘कास्ता’ नव्हेच, ‘नातिओ’ आहे. आणि तो शब्द पोर्तुगिजांनी स्वदेशात जन्मावरून बाजूला काढलेल्या माणसांवर आधीच चिकटवून ठेवला होता. ओर्ता 1568 मध्ये गोव्यात वारला. पुढच्याच वर्षी त्याची बहीण कातारिना हिला छुपी ज्यू ठरवून गोव्याच्या धर्मन्यायालयाने जिवंत जाळलं. 1580 मध्ये ओर्ताची हाडं उकरून तीही जाळली. इथल्या ‘कास्ता’ची नोंद करणारा माणूस स्वतःच्या समाजात जन्मानेच संशयित होता.

ओर्ताच्या ग्रंथानंतर चार वर्षांनी, 1567 मध्ये, गोव्यात चर्चची प्रांतिक परिषद भरली. तिच्या ठरावातही हा शब्द आहे. इथले लोक कमीअधिक मानाच्या ‘कास्तां’मध्ये वाटलेले आहेत, ख्रिस्ती लोकांना हलकं मानतात आणि वरच्या ‘कास्ता’तला माणूस खालच्याबरोबर खातपीत नाही, अशी तक्रार त्यात केलीय. ओर्ताला धंदा दिसला, पाद्र्यांना पंगत दिसली.

त्याच काळात पोर्तुगीज गोव्यातले गोरेही आपसात उतरंड लावत होते. पोर्तुगालमध्ये जन्मलेला ‘रेइनॉल’ सगळ्यात वर. भारतात जन्मलेला, पण आईबाप दोघेही पोर्तुगीज असलेला तो ‘कास्तिसो’. मिश्र आईबापांचा तो ‘मेस्तिसो’.

अटलांटिकपलीकडे, स्पेनच्या ताब्यातल्या मेक्सिकोत, याच शब्दांनी वेगळं रूप घेतलं. तिथे ‘लास कास्तास’ म्हणजे मिश्र वंशाचे लोक. गोव्यात ‘कास्ता’ म्हणजे जे एकमेकांत मिसळत नाहीत ते, आणि मेक्सिकोत ‘कास्ता’ म्हणजे जे मिसळल्यामुळे जन्मले ते! स्पॅनिश पुरुष आणि मूळनिवासी स्त्री यांचं मूल ‘मेस्तिसो’. त्याचं पुन्हा स्पॅनिश माणसाशी लग्न झालं की मूल ‘कास्तिसो’. आणखी एकदा झालं की मूल पुन्हा ‘स्पॅनिश’. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्यांच्या वंशजांना मात्र हा परतीचा रस्ता मिळत नसे. अठराव्या शतकात तिथे या मिश्रणांची चित्रं काढण्याची प्रथा पडली. साधारण सोळा चित्रांचा संच, प्रत्येकात आई, बाप, मूल, आणि खाली कोण अधिक कोण बरोबर कोण. मिगेल काब्रेराचा 1763 चा संच प्रसिद्ध आहे. यादी लांबत गेली तशी नावं विचित्र झाली. एकाचा अर्थ ‘मागे उडी’, दुसऱ्याचा ‘हवेत लटकून राहा’, तिसऱ्याचा ‘तू मला कळत नाहीस’. ही नावं मुलांना लावलेली आहेत, हे वाचताना अंगावर काटा येतो.

तरीही ती व्यवस्था आपल्या जातीइतकी घट्ट नव्हती. चर्चच्या नोंदवहीत एकच माणूस बाप्तिस्म्याला एका नावाखाली आणि लग्नाला दुसऱ्या नावाखाली लिहिलेला आढळतो. पैसा, पेहराव आणि ओळखीपाळखी यांवर खूप काही ठरे. 1813 मध्ये स्वातंत्र्याचा नेता होसे मारिया मोरेलोस याने चिल्पान्सिंगोच्या सभेपुढे ठेवलेल्या मसुद्यात लिहिलं की गुलामगिरी कायमची बंद व्हावी, ‘कास्तां’चा भेदही जावा, आणि माणसामाणसांत फरक राहावा तो फक्त दुर्गुण आणि सद्गुण यांचा.

इंग्रजी टप्पा थोडक्यात सांगतो. निकोलस विथिंग्टन हा इंग्रज व्यापारी 1613 च्या सुमारास गुजरातेत होता. बनियांत तीसहून जास्त ‘कास्ट’ आहेत आणि त्या एकमेकींबरोबर जेवत नाहीत, असं त्याने लिहिलं. स्पेलिंगमध्ये शेवटी ‘ई’ नव्हता. तो पुढे फ्रेंच वळणाने आला आणि फेकणे या अर्थाच्या शब्दापासून हा शब्द वेगळा झाला. युरोपात तो मग मुंग्या-मधमाश्यांतल्या कामकरी आणि राणी या भेदालाही लागला, आणि बंदिस्त उच्चवर्गालाही. स्पेनमध्ये 2014 च्या सुमारास पोदेमोस पक्षाने प्रस्थापित राजकारण्यांना ‘ला कास्ता’ म्हणून झोडपलं. 2023 मध्ये अर्जेंटिनाच्या हाव्हिएर मिलेईने तोच शब्द घेऊन निवडणूक जिंकली. एक डावा, दुसरा उजवा, शब्द एकच.

भारतात या शब्दाने एक मोठा गोंधळ घातला. आपल्याकडे वर्ण वेगळा आणि जात वेगळी. वर्ण चार, ग्रंथांतले. जाती हजारो, गावातल्या, लग्न जुळवताना प्रत्यक्षात मोजल्या जाणाऱ्या. ‘कास्ता’ आणि पुढे ‘कास्ट’ दोन्हींना लागला. त्यामुळे परक्या वाचकाला वाटतं की भारतात चार कास्ट आहेत, आणि मग हजारोंचा हिशेब लागेना म्हणून ‘सब-कास्ट’ जोडावा लागतो. हर्बर्ट रिस्ले या ब्रिटिश अधिकाऱ्याने 1901 च्या जनगणनेत जातींची सामाजिक उतरंड लावायचा घाट घातला, तेव्हा हा घोळ सरकारी कागदावर आणखी पक्का झाला.

दुसरा गोंधळ जास्त खोल आहे. ‘कास्ट’ म्हणजे मुळात ‘शुद्ध’ असं एकदा मानलं की जातीचं सार शुद्धाशुद्धतेत, सोवळ्याओवळ्यात आहे असं वाटू लागतं. इथे मला 9 मे 1916 ची कोलंबिया विद्यापीठातली बैठक आठवते. पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी तिथे भारतातल्या जातींवरचा निबंध वाचला. सेनार, नेसफिल्ड, रिस्ले आणि आपले ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकर या अभ्यासकांनी केलेल्या जातीच्या व्याख्या त्यांनी एकेक करून तपासल्या. विटाळाची कल्पना हे जातीचं सार नाही, असं त्यांनी स्पष्ट म्हटलं. ती जातीला चिकटली याचं कारण सगळ्यात वरची जात पुरोहितांची आहे, आणि पुरोहित व पावित्र्य यांची जोडी जुनी आहे. जातीचं खरं लक्षण म्हणजे जातीतच लग्न. जात म्हणजे कुंपण घातलेला वर्ग, आणि ते कुंपण लग्नाचं. या निबंधात ते ‘कास्ता’च्या व्युत्पत्तीवर विसंबत नाहीत. ओर्ताने पाहिलेला धंदा आणि पाद्र्यांनी पाहिलेली पंगत यांच्या मागचं कारण ते दाखवतात.

‘कास्ट’ शब्द पोर्तुगीज आहे, यावरून हल्ली काही जण एक उडी मारतात. शब्द बाहेरचा, म्हणजे जातही बाहेरच्यांनी लादली. ही उडी चुकीची आहे, आणि ती मारणाऱ्यांना चोखामेळ्याचं उत्तर द्यावं लागेल. चोखोबा 1338 मध्ये मंगळवेढ्याला गावकुस कोसळून वारले. पोर्तुगिजांनी गोवा घेतला तो 1510 मध्ये. विठ्ठलाच्या देवळाबाहेर उभं राहावं लागलेल्या त्या माणसाच्या अभंगांत ‘कास्ता’ कुठून येणार? शब्दाने वर्ण आणि जात यांची सरमिसळ केली, वसाहतीच्या कारभाराने तिला कागदी ताठपणा दिला, हे खरं. पण उतरंड आधीच होती.

याचा सगळ्यात बोलका पुरावा गोव्यातच आहे. धर्मांतरानंतर तिथल्या लोकांचा देव बदलला, प्रार्थनेची भाषा बदलली, आडनावं फर्नांडिस आणि डिसोझा झाली. तरी ख्रिस्ती समाजात बामण, चारडो, सुदिर हे भेद राहिले. चर्चशी जोडलेल्या कितीतरी ‘कॉन्फ्रारिया’, म्हणजे बंधुमंडळं, ठरावीक जातींपुरत्याच होत्या. 1567 च्या ठरावात ज्या पंगतीबद्दल तक्रार होती, ती सहभोजनाची बंधनं काळाच्या ओघात पुष्कळ सैल झाली. बामण घरातलं लग्न बामण घरात आणि चारडो घरातलं चारडो घरात, हे मात्र पिढ्यानपिढ्या चालत राहिलं.